टॅली ऑफिसात, रिपोर्ट क्लाउडवर: पैसे भरण्याआधी काय काय जुळवून पाहायचं

मायक्रोसॉफ्टच्या नमुना डेटात सायकली विकणारी एक कंपनी असते. ॲडव्हेंचर वर्क्स तिचं नाव, कंपनी काल्पनिक. तिच्या तारखा सरळ, ग्राहकांची नावं एकसारखी आणि सगळा डेटा एकाच एसक्यूएल सर्व्हरवर, म्हणजे एकाच डेटाबेसमध्ये. पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट बनवायच्या टूलमधला त्यावरचा झगझगीत डॅशबोर्ड बघायला बसलेला माणूस मात्र, समजा, कुपवाड एमआयडीसीतला मसाल्याचा कारखानदार आहे. त्याचा हिशेब टॅलीत, डिस्पॅच एक्सेलमध्ये आणि हळदीचे रोजचे भाव वहीत. डेमो संपला की तो एकच प्रश्न विचारतो, "हे आमच्या टॅलीला जोडता येतं ना?" उत्तर येतं, "हो." ते खोटंही नसतं. पण तेवढ्यावर वर्षभराचं लायसन्स घेऊ नका.

कारण 'जोडता येतं' म्हणजे एकदा, कुणीतरी जाणकार समोर बसलेला असताना जोडता येतं. तुम्हाला हवं असतं ते रोज सकाळी, कुणी हात न लावता, बरोबर आकडा. मधल्या अंतरात जी बारीकसारीक विघ्नं येतात ती क्लाउडवर फार कमी असतात. बहुतेक आपल्याच ऑफिसात सापडतात.

मी पुढे पॉवर बीआय आणि टॅली ही जोडी धरून लिहितोय, कारण मला कामात हीच सर्वांत जास्त भेटते. तुम्ही झोहो ॲनालिटिक्स, टॅब्लो किंवा लुकर स्टुडिओ घेणार असाल तर बटणांची नावं बदलतील, अडण्याच्या जागा साधारण याच राहतील.

पायरी १: एकच रिपोर्ट निवडा, तोही ज्याचा ताळा करता येईल असा

सगळा धंदा एकदम डॅशबोर्डवर आणायचा मोह आवरा. पहिला रिपोर्ट येणीचा, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायच्या पैशांचा घ्या: पार्टीवार बाकी, ३०, ४५, ६० आणि ९० दिवसांच्या खणांत. हा रिपोर्ट टॅलीत आधीच निघतो, त्यामुळे क्लाउडवरचा आकडा बरोबर की चूक हे पाच मिनिटांत कळतं. शिवाय सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार लेखी करार असला तरी अशा उद्योगाचे पैसे चुकते करायची कमाल मुदत ४५ दिवस आहे, म्हणून मालकाचं लक्षही याच रकान्यावर असतं.

मग एक कोरा कागद घ्या. रिपोर्टातला प्रत्येक रकाना कुठून येतो ते लिहा: कोणतं सॉफ्टवेअर, त्याची कोणती आवृत्ती, कोणत्या टेबलावरचा कॉम्प्युटर, रोज कोण भरतं. आवृत्तीचा रकाना रिकामा ठेवू नका. 'टॅली आहे' ही माहिती पुरत नाही. टॅली ईआरपी ९ आहे की टॅलीप्राइम, आणि प्राइम असेल तर ३२ बिटचं की ६४ बिटचं (प्रोग्रॅमच्या बांधणीचे हे दोन प्रकार), इथवर जायला हवं.

पायरी २: मशीन आणि लॉगिन

हे लवकर आटोपतं. पॉवर बीआय डेस्कटॉप फक्त विंडोजवर चालतं, मॅकसाठी ते नाहीच. मालकाच्या मुलाने मॅकबुकवर रिपोर्ट बनवायचं ठरवलं असेल तर आजच सांगून टाका. तयार रिपोर्ट ब्राउझरमध्ये बघायला मॅक चालतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा नवीन काम जुन्या मशीनवर सुरू करण्यात अर्थ नाही. डेस्कटॉपची नवी आवृत्ती जवळजवळ दर महिन्याला येते आणि नव्या आवृत्तीत केलेली फाइल जुनीत नीट उघडत नाही. दोघेजण काम करणार असतील तर दोघांनीही ते मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरूनच घ्यावं, म्हणजे ते आपोआप अद्ययावत राहतं.

लॉगिनला जीमेलचा पत्ता चालत नाही, कामाचा किंवा शाळा-कॉलेजचा ईमेल लागतो. ज्यांचा सगळा धंदा जीमेल आणि व्हॉट्सॲपवर चालतो, त्यांची गाडी पहिल्याच दिवशी इथे अडते. स्वतःच्या डोमेनचा ईमेल आधी घ्या.

पायरी ३: टॅलीचं दार

इथे वेळ द्या, खरी मेख इथे आहे.

टॅलीचा डेटा एसक्यूएल डेटाबेसमध्ये नसतो, तो टॅलीच्या स्वतःच्या फाइलींत असतो. बाहेरच्या सॉफ्टवेअरसाठी टॅली ओडीबीसी नावाची खिडकी उघडते, सहसा ९००० क्रमांकाच्या पोर्टवर. या खिडकीच्या काही अटी आहेत.

पहिली अट बिटांची. टॅली ईआरपी ९ हे सहसा ३२ बिटचं, टॅलीप्राइममध्ये ६४ बिट मिळतं. ज्या प्रोग्रॅममधून जोडायचं तो ६४ बिटचा असेल तर ओडीबीसी ड्रायव्हरही (दोन प्रोग्रॅमना जोडणारा दुवा) ६४ बिटचाच हवा. नसेल तर 'चुकीचा ड्रायव्हर' असा स्पष्ट संदेश येईलच असं नाही. यादीत टॅलीचं नाव दिसतच नाही आणि माणूस दिवसभर पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसतो. विंडोजमध्ये ओडीबीसीच्या ३२ आणि ६४ बिटच्या दोन वेगळ्या याद्या असतात, दोन्ही उघडून बघा.

दुसरी अट: टॅली चालू हवं आणि त्यात ती कंपनी उघडलेली हवी. एका ठिकाणी मी मोठ्या ऐटीत रोज रात्री ११ चा रिफ्रेश (रिपोर्टात ताजा डेटा आपोआप ओढणं) लावून आलो होतो. आठवडाभर रोज सकाळी एरर. सगळं तपासलं, शेवटी कळलं की अकाउंटंटबाई सातला घरी निघताना शिस्तीने टॅली बंद करतात आणि कॉम्प्युटरचं बटणही. चूक त्यांची नव्हतीच, मी विचारलं नव्हतं. रिफ्रेशची वेळ दुपारी दोनवर आणली आणि प्रश्न मिटला.

तिसरी गोष्ट चिन्हाची. टॅलीच्या आत नावेची रक्कम उणे आणि जमेची अधिक धरली जाते. त्यामुळे येणी बाकी बाहेर आणली की उणे चिन्हासह येते. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, सगळ्या पार्ट्यांना आपणच देणं लागतो. चिन्ह एकदाच, अगदी सुरुवातीच्या टप्प्यात उलटा. प्रत्येक सूत्रात वेगळं उलटत बसलात तर कुठेतरी एक राहून जातं आणि मग बेरीज कधीच जुळत नाही.

चौथी गोष्ट कोणत्याच विक्रेत्याच्या डेमोत येत नाही. ओडीबीसीमधून लेजरची, म्हणजे पार्टीच्या खात्याची बाकी सहज मिळते, पण येणी किती दिवसांची हे लेजरच्या बाकीवरून कळत नाही. त्यासाठी बिलवार नोंद लागते. ज्या लेजरला बिलवार बाकी ठेवायचा पर्याय 'नाही' आहे, किंवा जिथे येणारा प्रत्येक चेक 'ऑन अकाउंट', म्हणजे कोणत्याही बिलाशी न जोडता टाकला जातो, तिथे जगातलं कोणतंही टूल ४५ दिवसांचा खण भरू शकत नाही. मूळ नोंदच नाही, तर तो काढणार कुठून? हे दुरुस्त करायचं काम अकाउंट्सचं आहे आणि ते टूल घेण्याआधीच करायचं आहे.

आता माझं मत. पहिला महिना ओडीबीसी, एक्सएमएल किंवा तयार कनेक्टर या थेट जोडणीच्या वाटांपैकी कशाच्याही मागे लागू नका. टॅलीतून येणीचा बिलवार रिपोर्ट रोज एक्सेलमध्ये काढा, कंपनीच्या शेअरपॉइंट किंवा वनड्राइव्ह फॉर बिझनेसच्या एका फोल्डरमध्ये ठेवा आणि पॉवर बीआय त्या फोल्डरला जोडा. रोजची पाच मिनिटं जातात. पण रिपोर्ट उपयोगी आहे की नाही हे कळतं, आणि फाइल आधीच क्लाउडवर असल्यामुळे पुढची पायरी तूर्त लागतही नाही.

पायरी ४: गेटवे, म्हणजे कायम जागं राहणारं मशीन

ऑफिसातला डेटा थेट क्लाउडवर न्यायचा तर ऑन-प्रिमाइसेस डेटा गेटवे लागतो, म्हणजे ऑफिसातल्या मशीनवर बसून डेटा क्लाउडला पोचवणारा प्रोग्रॅम. टॅब्लोमध्ये ब्रिज, झोहोमध्ये डेटाब्रिज, काम तेच. गेटवे फक्त आतून बाहेर बोलतो, त्यामुळे राउटरवर बाहेरून आत येणारं पोर्ट उघडायची गरज नसते. कुणी 'पोर्ट फॉरवर्ड करून देतो' म्हणाला तर त्याला थांबवा. मात्र फायरवॉल कडक असेल तर ४४३ हे पोर्ट बाहेर जायला मोकळं आहे ना, एवढं बघा.

गेटवेचं मशीन झोपता कामा नये. लॅपटॉप नको, कारण तो घरी जातो. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप बंद करा, यूपीएस लावा आणि लाइट जाऊन आल्यावर मशीन आपोआप सुरू होईल असं बायॉसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) लावून घ्या. गेटवे बसवताना रिकव्हरी की विचारतात. मशीन बदलताना तीच लागते. ती त्याच मशीनवरच्या नोटपॅडमध्ये ठेवणारे लोक मी पाहिलेत. कागदावर लिहून तिजोरीत ठेवा.

सलग चार वेळा रिफ्रेश फसला तर पॉवर बीआय वेळापत्रकच बंद करतं. दोन महिने कुणी रिपोर्ट उघडलाच नाही तरी थांबवतं. म्हणून एररचे ईमेल ज्या पत्त्यावर जातात तो पत्ता रोज कुणीतरी वाचतं ना, हे बघा. पॉवर बीआयच्या माणशी घ्यायच्या प्रो लायसन्समध्ये दिवसाला आठ रिफ्रेश मिळतात, येणीसाठी दोन पुरतात.

पायरी ५: तारखा आणि शून्यं

जोडणी झाली, आकडे आले, तरी लगेच पेढे वाटू नका. सर्वांत घातक चुका एरर देत नाहीत.

०५/०४/२०२५ म्हणजे आपल्याला ५ एप्रिल. मशीनची भाषा अमेरिकन इंग्रजी असेल तर ते ४ मे वाचतं. बिलाचं वय गुपचूप २९ दिवसांनी कमी. १३ तारखेपासूनची बिलं एरर देतात, कारण तेरावा महिना नसतो, आणि लोक तेवढ्याच ओळी हाताने दुरुस्त करतात. १ ते १२ तारखांची बिलं चुकीचीच राहतात. उपाय सोपा आहे: पॉवर क्वेरीत (पॉवर बीआयमधल्या डेटा साफ करायच्या भागात) तारखेचा प्रकार बदलताना 'युझिंग लोकेल' निवडा आणि इंग्रजी (भारत) द्या. मशीनच्या सेटिंगवर भरवसा ठेवू नका.

हळदीचा एचएसएन कोड (जीएसटीसाठीचा मालाचा क्रमांक) ०९१० पासून सुरू होतो. एक्सेलला तो आकडा वाटतो, ते पुढचं शून्य खातं, उरतं ९१०. मग टॅलीतल्या ०९१० शी ते कसं जुळणार? बँकेचे खाते क्रमांक आणखी वाईट, एक्सेल १५ च्या पुढचे अंक शून्य करतं आणि गेलेले अंक परत येत नाहीत. ई-वे बिलाचा १२ अंकी क्रमांक १.२३ई+११ असा दिसू लागतो आणि कुणी तशीच सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी फाइल) जतन केली तर तसाच पुढे जातो. नियम एकच: ज्याची बेरीज कधी करणार नाही, तो रकाना मजकूर म्हणून आणा. कोड, खाते क्रमांक, पिनकोड, मोबाइल, सगळे.

एक्सेलचा जुना .xls हा फाइलप्रकार अजून वापरात असेल तर त्यात ६५,५३६ ओळीच मावतात. नव्यात १०,४८,५७६. डिस्पॅचची जुनी फाइल ६५,५३६ व्या ओळीवर थांबलेली दिसली तर पुढचं कुठे गेलं हा प्रश्न विचारा.

पार्टीच्या नावांचा घोळ सगळीकडे असतो. त्यात पॉवर बीआयची स्वतःची एक खोड आहे. पॉवर क्वेरी इंग्रजी नावातली मोठी आणि लहान अक्षरं वेगळी मानते, मॉडेल (जिथे तक्ते एकमेकांना जोडले जातात तो भाग) मात्र एकच मानतं. तुम्ही 'रिमूव्ह ड्युप्लिकेट्स' करता, ते दोन्ही नावं ठेवतं, आणि पुढे दोन तक्ते जोडताना मॉडेल म्हणतं, नाव दुबार आहे. आधी सगळी नावं एकाच प्रकारच्या अक्षरांत करा, मागचं-पुढचं स्पेस काढा, मगच दुबार काढा.

पायरी ६: नावं मराठीत असतील तर

ही अडचण इंग्रजी मदतपानांवर शोधून सापडणार नाही, म्हणून जरा सविस्तर.

फाइल श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉण्टमध्ये असेल तर ती मराठी नाहीच, मराठी दिसणारी इंग्रजी अक्षरं आहेत. क्लाउडवर तो फॉण्ट नसतो, सगळी नावं अगम्य दिसतात. कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या प्रमाणित अक्षरसंचात) आणा आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. युनिकोड फाइल सीएसव्ही करतानाही एक्सेलमध्ये 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडा. साध्या सीएसव्हीत देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात.

युनिकोड असूनही फसायला होतं. 'चऱ्होली' मधला ऱ् दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्त्याचं ऱ असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरच्या लेखी दोन गावं. तसंच 'ॲग्रो'. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीची सवय अ वर चंद्र देण्याची, आणि काही कीबोर्ड आजही तसंच देतात. परिणाम असा की एकाच ॲग्रो एजन्सीची येणी दोन ओळींत विभागली जाते आणि दोन्ही रकमा लहान दिसल्यामुळे वसुलीला कुणी फोनच करत नाही.

उपाय म्हणून इंटरनेटवर 'न दिसणारी चिन्हं सरसकट काढून टाका' असं सांगतात. मराठीत तसं करू नका. ते चिन्ह काढलं की चऱ्होलीचं चर्होली होतं. आधी र-हलन्त-चिन्ह ही तिकडी ऱ-हलन्त अशी बदला, अ-चंद्रचं ॲ करा, आणि नंतरच उरलेली चिन्हं काढा. क्रम महत्त्वाचा. आणि शक्य तिथे नावावर जोडणी करूच नका. पार्टीला एक कोड द्या. जीएसटी क्रमांक चांगला, पण नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकांकडे तो नसतो.

पायरी ७: एप्रिल, लाख आणि साडेपाच तास

पॉवर बीआयची आपोआप बनणारी तिमाही जानेवारीपासून सुरू होते. आपली पहिली तिमाही एप्रिल ते जून. स्वतःचा कॅलेंडर तक्ता बनवा आणि वर्षअखेर ३१ मार्च सांगा, नाहीतर सीएच्या समोर तिमाहीचा आकडा वाचायची पंचाईत.

आकडे हजार, मिलियन, बिलियनमध्ये आखडले जातात. साडेबारा लाखांना '१.२५ मिलियन' म्हणणारा डॅशबोर्ड बाजारात कुणी वाचत नाही. आपोआप आखडणं बंद करा, रकमेला एक लाखाने भागणारं वेगळं सूत्र करा आणि शीर्षकात '₹ लाखांत' लिहा.

तिसरी गोष्ट घड्याळाची. क्लाउडवर 'आज' हे सूत्र जागतिक वेळेने चालतं, आपण तिच्या साडेपाच तास पुढे. पहाटे पाचला रिफ्रेश लावलात तर तिथे अजून कालची तारीख असते, आणि बिलाचं वय रकान्यात साठवलेलं असेल तर पुढच्या रिफ्रेशपर्यंत एक दिवसाने कमी दिसतं. ४५ व्या दिवसाच्या काठावरच्या बिलांना एक दिवसही पुरतो. रिफ्रेश सहानंतर लावा.

पायरी ८: बघणार कोण

रिपोर्ट बनवणाऱ्याला लायसन्स लागतं हे सगळ्यांना माहीत असतं. मोठी कपॅसिटी (कंपनीसाठी राखीव क्लाउड क्षमता) घेतली नसेल तर नुसतं बघणाऱ्यालाही प्रो लायसन्स लागतं, हे कोटेशन आल्यावर कळतं. पाच सेल्समन, दोन भागीदार आणि सीए, असे आठ. गुणाकार आधी करा.

पैसे वाचवायला कुणीतरी 'पब्लिश टू वेब' सुचवेल. ते बटण दाबू नका. त्याची लिंक ज्याच्या हाती पडेल तो बिनालॉगिन सगळं बघू शकतो. तुमच्या गिऱ्हाइकांची यादी आणि बाकी प्रतिस्पर्ध्याच्या मोबाइलवर.

सेल्समनना बहुतेक वेळा डॅशबोर्ड नकोच असतो, व्हॉट्सॲपवर एक पानी पीडीएफ हवी असते. मग तेच द्या. एक्सेलमधली मॅक्रोची (ठरावीक काम आपोआप करणारी) बटणं मात्र पॉवर बीआयमध्ये चालत नाहीत. एखाद्या मॅक्रोतून पत्रं निघत असतील तर ती फाइल तशीच ठेवा.

पायरी ९: डेटा राहतो कुठे

पॉवर बीआयच्या मदत मेनूत 'अबाउट पॉवर बीआय' उघडा, डेटा कोणत्या भागात साठवला जातो ते तिथे लिहिलेलं असतं. हे खातं उघडताना दिलेल्या देशावरून ठरतं आणि नंतर बदलणं किचकट, म्हणून पहिल्या नोंदणीत भारतच टाका. मायक्रोसॉफ्टचं 'सेंट्रल इंडिया' केंद्र तर पुण्यातच आहे. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून कंपन्यांना हिशेबाच्या इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवावा लागतो. हा नियम पुस्तकांच्या बॅकअपचा आहे, डॅशबोर्डच्या प्रतीचा नाही. पण या निमित्ताने हिशेबच क्लाउडवर हलवायचा बेत असेल तर आधी सीएशी बोला.

पायरी १०: महिनाभर ताळा, आणि मार्चअखेरीची तालीम आधीच

ट्रायलच्या मुदतीत रोज एक आकडा ताळून बघा: टॅलीतली एकूण येणी आणि क्लाउडवरची. फरक आला तर रुपयांत लिहून ठेवा आणि कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. फरक शंभर रुपयांचा आहे म्हणून सोडू नका, मोठ्या चुका उणे-अधिक होऊनही शंभरच उरतात.

सूत्रंही एका वहीत साध्या मराठीत लिहा: 'वय म्हणजे बिलाच्या तारखेपासून आजपर्यंतचे दिवस, ड्यू डेटपासून नव्हे.' पॉवर बीआयची सूत्रं टॅब्लोत चालत नाहीत, फाइलही उघडत नाही. उद्या टूल बदललं तर सोबत येते ती ही वही आणि साफ केलेला मूळ डेटा. तो सीएसव्हीत दर महिन्याला वेगळा ठेवा.

आणि कायमचे पैसे भरण्याआधी टॅली डेटाच्या कॉपीवर (मूळ डेटावर नाही) कंपनी स्प्लिट करून, म्हणजे जुन्या आणि नव्या वर्षाचा डेटा वेगळा करून बघा. बरेच अकाउंटंट नव्या वर्षासाठी ३१ मार्चनंतर स्प्लिट करतात, तेव्हा कंपनीच्या नावापुढे नव्या तारखा चिकटतात. जोडणी जुन्या नावाने केलेली असेल तर ती तिथेच तुटते, तीही ऐन एप्रिलमध्ये, सगळे वर्षअखेरीच्या कामात बुडालेले असताना.